दुसऱ्या पातेल्यातले पासपोर्ट

१

हंबीरराव खोतांना रांगेत उभं राहायची सवय नव्हती, म्हणून ते पासपोर्ट सापडले. नाहीतर दुपारी भांडी घासायला काढेपर्यंत कुणाला पत्ताही लागला नसता.

गणपतीतला रविवार होता. शाळेच्या पटांगणात मांडव घातला होता, आणि पालकसभेआधी मिसळ चालली होती. सभेत एकच गोष्ट ठरायची होती. दिवाळीच्या सुट्टीत नववीच्या मुलांना दुबईला न्यायचं की नाही? आखातात रोज कुठेतरी काहीतरी पेटत होतं. विमानं अर्ध्या वाटेवरून माघारी फिरत होती आणि पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पहाटेपासून क्षेपणास्त्रांचे व्हिडिओ फिरत होते. पण शाळेचे चेअरमन अण्णाप्पा चौगुले यांनी शहरभर फ्लेक्स लावून ठेवले होते. फ्लेक्सवर विमान होतं, विमानापेक्षा मोठे अण्णाप्पा होते, आणि ते खाली उतरवणं आता त्यांच्या जिवावर आलं होतं.

"सहल जानारच," ते माईक तपासता तपासता सांगत होते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत त्यांची फाउंड्री. बोलतानाही मशीनच्या वर आवाज काढायची सवय. "माझा सम्मेद परदेशात डॉक्टरी शिकतोय. तिथं युद्ध झालं. काय झालं त्याला? कायबी न्हाय! भिऊन घरात बसनाऱ्यांचं हे कामच न्हवं."

शेजारच्या मंडळाच्या पोरांनी डॉल्बीचा आवाज तपासायला एक दणका दिला. अण्णाप्पांच्या पत्नी विजयमालावहिनी दचकून उठल्या आणि मोबाईल कानाला लावून मांडवाच्या कडेला गेल्या. सकाळपासून हे असंच चाललं होतं. अवनीने त्यांना मघाशी प्लेट नेऊन दिली, तर त्यांनी घरून आणलेली उकळलेल्या पाण्याची बाटली दाखवली आणि म्हणाल्या, "आमचं पर्व चालू आहे गं. तू घे."

अवनी मिरजकर भूगोल शिकवायची. सहल तिच्या डोक्यातून निघाली होती. पासपोर्ट तिने गोळा केले होते, व्हिसाचं काम करणाऱ्या एजंटाशी ती बोलत होती. गेली काही वर्षं ती तात्पुरत्या नेमणुकीवर राबत होती आणि सहल नीट पार पडली की तिला कायम करायचं असं अण्णाप्पांनी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर कबूल केलं होतं. या सहलीवर तिचं सगळंच होतं. आज ती पावाचे ट्रे उचलत होती, आणि तेही आनंदाने.

मिसळीची दोन पातेली होती. मोठ्यापुढे मारुतीच्या शेपटाएवढी रांग. लहान पातेलं बाजूला मंद आचेवर, झाकण घातलेलं. त्यात कांदा, लसूण, बटाटा नसलेला जैन कट, म्हणजे मिसळीवर ओतायचा रस्सा. तिथे चिटपाखरू नव्हतं. हंबीररावांनी दोन्हीकडे पाहिलं, लहान पातेल्याचं झाकण उघडलं, वाटी भरून घेतली आणि तिथंच उभ्या उभ्या भुरकली.

"ह्यात काय दमच न्हाय की!" ते ओरडले. "खालचा मसाला घिऊ."

त्यांनी पळी तळापर्यंत घातली. वर आली तेव्हा तिच्यात एक फुगलेलं, तेल निथळणारं निळं पुस्तक होतं. त्याखाली दुसरं होतं. हंबीररावांनी पहिलं उघडलं. फोटोतल्या मुलीच्या तोंडावरून लाल तवंग ओघळत होता.

"ही तर ऐश्वर्या," हंबीरराव म्हणाले, "चेअरमनची पोर." मग आपण काय प्यायलो ते त्यांच्या लक्षात आलं आणि ते मांडवाच्या खांबाला धरून भडाभडा ओकले.

२

सगळ्या मुलांचे पासपोर्ट त्या पातेल्यात निघाले. शिजून लगदा झालेले.

अण्णाप्पांनी निवडक माणसांना मुख्याध्यापकांच्या खोलीत कोंबलं आणि दार लावून घेतलं. बाहेर पालकांचा गलका वाढत होता.

"पासपोर्टांच्या कपाटाची किल्ली कुनाकडं हुती?"

अवनीने हात वर केला. शाळेतल्या मुलीसारखा.

"एक माझ्याकडे. एक सरांकडे."

मुख्याध्यापक दत्तप्रसाद सरांनी घाईघाईने खुलासा केला, "माझी किल्ली आठवडाभर घरीच आहे, साहेब. देवघरात. मिसेसना विचारा." सर भले गृहस्थ होते, पण त्यांचा भलेपणा संकट दिसलं की आधी स्वतःच्या घरी पळायचा.

"मग झालं की," अण्णाप्पा म्हणाले. "कपाट हिचं, किल्ली हिची, सहलबी हिचीच. सभा सुरू व्हायच्या आत कोन ते कळलं तर ठीक. न्हायतर मी पोलिसांना फोन लावतो आनि हिचं नाव सांगतो. मग कोल्हापुरात कुठल्या शाळेत उभं करून घेत्यात बघू."

नोकरी जाईल याची भीती अवनीला वाटत होतीच. पण पोलिसांत नाव गेलं तर? मंगळवार पेठेतल्या गल्लीत आईने कुणाला तोंड दाखवायचं?

"पोलीस कशाला?" कोपऱ्यातून आवाज आला. "ते येतील, पंचनामा करतील, चहा पितील आणि जातील. मला द्या थोडा वेळ."

माई सबनीस. शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, आता विश्वस्त. अर्धं कोल्हापूर त्यांच्या हातचा मार खाऊन मोठं झालं होतं आणि उरलेल्या अर्ध्याने तो खाणाऱ्यांशी लग्नं केली होती. त्यांनी आवळासुपारीची डबी उघडली, एक तुकडा तोंडात टाकला आणि अवनीकडे पाहिलं. त्या नजरेत माया वगैरे काही नव्हती. नवं कोडं मिळाल्याचा आनंद होता.

"खुर्ची सोड, अवनी. तू आरोपी आहेस. आरोपी उभे राहतात."

३

आधी आली आचारी चिमणाबाई. पदराने हात पुसत ती दारातच थांबली.

"गॅस कधी पेटवलास?"

"उजाडायच्या आत, माई. दोन्ही पातेली चढवली. मग म्या गॅस बारीक केला आन् पाव उतरवून घ्याय गेलतो. जैनाच्या पातेल्याला परत हात न्हाय लावला. लागलाच न्हाय."

"तेवढ्या वेळात स्वयंपाकाकडे कोण कोण आलं?"

चिमणाबाईने आठवून सांगितलं. अवनी बाई ट्रे न्यायला आल्या. सर मीठ बरोबर आहे का विचारायला आले आणि न चाखताच गेले. हंबीररावांनी त्यांच्या राधानगरीच्या डेअरीतलं दही आणून ठेवलं. चौगुले वहिनी जैन भांडी वेगळी आहेत ना ते बघून गेल्या.

"म्हणजे सगळेच," माई म्हणाल्या. "जैन कट करायला कोणी सांगितलं होतं?"

"वहिनींनीच की. परवा फोन केलता. यंदा जैनांचं येगळं करा म्हनाल्या."

"बरं. जा. आणि बाई, आजपासून तुझ्या मिसळीत काय काय निघतं हे गावभर होईल. दुसरा धंदा बघून ठेव."

चिमणाबाईचे डोळे भरले. तिचा काही दोष नव्हता, आणि ते माईंनाही ठाऊक होतं. अवनीला माईंचा राग आला. पण आपल्याला वाचवू शकणारं माणूस या खोलीत एवढं एकच आहे हेही तिला कळत होतं, म्हणून तिने तो राग गिळला.

हंबीरराव आले ते ओल्या तोंडाने.

"तुम्हाला ही सहल नको होती," माईंनी सुरुवात केली.

"नको म्हंजे? हुतीच नको! पेटल्यालं असताना पोरं पाठवायची? माझ्या ऋतुराजला मी शेतात साप निघला तर बांधावर जाऊ देत न्हाय. म्या ग्रुपवर उघड लिवलं, सभेत हातबी वर करनार हुतो. पण माई, म्या असलं चोरून..."

"तुम्ही चोरून काही करत नाही, हंबीरराव. तुम्ही म्हशीला इंजेक्शन दिलं तरी फ्लेक्स लावता." माईंनी काठी टेकवली. "कट कसा होता?"

हंबीररावांचा चेहरा परत हिरवा पडला.

"वाटीभर प्यायलात ना? सगळ्या मुलांचे फोटो, शाई, डिंक. पोटात गेलं असेल. जा, लिंबू चोखा."

ते गेल्यावर माई मिटल्या ओठांनी हसल्या. "हा नाही. स्वतः टाकलं असतं तर भुरकून प्यायला नसता. एवढा मोठा नट हा नाही." मग अवनीकडे वळल्या. "आता तुझं. पासपोर्ट कपाटात ठेवले कधी?"

"काल. गणपती विसर्जनाच्या आरतीनंतर."

"आरतीनंतर? तोवर कुठे होते?"

अवनीने मान खाली घातली. आपला हा मूर्खपणा तिला पहिल्यांदाच दिसला.

"गणपतीपुढे, माई. लाल कापडात बांधून. सर म्हणाले, मुलं सातासमुद्रापार जाणार, पासपोर्ट पाच दिवस बाप्पाच्या पायाशी राहू देत. हळदकुंकू वाहिलं होतं. काल गाठोडं उचललं आणि तसंच कपाटात ठेवून कुलूप लावलं."

"उघडून पाहिलं?"

"देवापुढचं गाठोडं... नाही."

माई उठल्या. "चल. कपाट उघड."

४

कपाटाला कुलूप जसंच्या तसं होतं. अवनीने किल्ली फिरवली. आत ते गाठोडं होतं! लाल कापड, वर हळदकुंकवाची बोटं, मधोमध वाहिलेली वाळकी दुर्वा.

एक क्षण अवनीला वाटलं, पासपोर्ट इथेच आहेत. पातेल्यातलं सगळं खोटं आहे. ती हसायच्या बेतात होती.

माईंनी गाठ सोडली. आत आरत्यांची पुस्तकं होती. गणपतीपुढे वाटायला आणलेली, खिशात मावणारी, पासपोर्टाएवढीच. नीट थप्पी लावलेली.

"साहेबांना बोलवा," माई म्हणाल्या. "किल्लीचं भांडण मिटलं."

अण्णाप्पा आले आणि पुस्तकांकडे बघत राहिले.

"हे बघा, अण्णाप्पा. ज्याच्या हातात किल्ली आहे तो रात्री येईल, कपाट उघडेल, पासपोर्ट घेईल, कपाट लावेल. खोटं गाठोडं बांधायची त्याला काय गरज? हे त्याने केलं ज्याला कपाटापर्यंत पोचता येत नव्हतं. कुलूप लागायच्या आधीच, गणपतीपुढे, त्याने अदलाबदल केली. म्हणजे अवनी नाही, आणि आपले दत्तप्रसादही नाहीत."

सर इतक्या जोरात सुटकेचा श्वास सोडतील असं कुणाला वाटलं नव्हतं. अवनी माईंच्या पाया पडायला वाकली, पण माईंनी काठी आडवी धरली.

"घाई नको. तू नाहीस हे कळलं. कोण आहे ते अजून कळायचंय. आणि ते कळेपर्यंत तुझ्यावरचा डाग तसाच."

"पन गनपतीपुढं तर सगळी शाळा येती जाती की," अण्णाप्पा वैतागले. "कुनाकुनाला धरायचं?"

"गणपतीपाशी नाही सापडायचा," माई म्हणाल्या. "पातेल्यापाशी सापडेल. विजयमालाला आत पाठवा."

५

विजयमाला चौगुले आत आल्या. साधी सुती साडी, हातात ती पाण्याची बाटली. उपासाने ओठ सुकले होते. या घराची एवढी फाउंड्री, पण वहिनींनी कधी कुणाशी आवाज चढवल्याचं अवनीला आठवत नव्हतं. कायम करायचा विषय अण्णाप्पांपाशी पहिल्यांदा त्यांनीच काढला होता.

"बस. तुला उपास आहे," माई म्हणाल्या. आज त्यांनी बसायला सांगितलेली ही पहिलीच. "कपाटाची किल्ली कधी हातात आली होती?"

"नाही. मी किल्लीला कधीच हात लावला नाही."

"स्वयंपाकाकडे गेली होतीस?"

"गेले होते. जैन पातेलं वेगळं आहे का ते बघायला."

"अवनीने हे केलं असेल असं वाटतं तुला?"

"अवनीने केलेलं नाही," विजयमाला लगेच म्हणाल्या. "मला ठाऊक आहे."

अवनीला भरून आलं. सकाळपासून पहिल्यांदाच तिच्या बाजूने कोणीतरी बोललं. तिने वहिनींकडे कृतज्ञतेने पाहिलं. वहिनींनी मात्र बाटलीच्या झाकणाकडे पाहिलं.

तेवढ्यात शेजारी पुन्हा डॉल्बी धडाडली. खिडकीची काच थरथरली. विजयमालांनी फोन काढला आणि नंबर लावला, पण माईंनी हात पुढे करून फोन काढून घेतला. पलीकडे कुणीतरी उचललं. माईंनी स्पीकर लावून फोन टेबलावर ठेवला आणि त्यातून एका तरुण मुलाचा घोगरा आवाज सगळ्यांना ऐकू आला.

"आई, परत लागलं. आई, दार उघड. खाली जाऊया, आई."

विजयमालांनी झडप घालून फोन बंद केला. अण्णाप्पा पांढरेफटक पडले.

"तुमचा मुलगा परदेशात आहे ना, अण्णाप्पा?" माईंनी विचारलं.

६

माईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. त्या आवळासुपारी चघळत बोलायला लागल्या, वर्गात फळ्यापुढे उभ्या असल्यासारख्या.

"मला सकाळपासून एकच गोष्ट खुपत होती. पातेली दोन. एक मोठं, ज्यात चिमणाबाई सारखी पळी फिरवत होती. एक लहान, ज्याच्याकडे कुणी फिरकलं नाही. पासपोर्ट लहान पातेल्यात. बरोबरच आहे, तिथेच ते कुणाला न दिसता शिजणार. पण तिकडे कुणी फिरकणार नाही हे टाकणाऱ्याला आधीच कसं ठाऊक? पटांगणात जाऊन बघा. शाळेत जैन घरं एवढी, एकाच्या तरी हातात प्लेट आहे? नाही. कारण दशलक्षण पर्व चालू आहे. दहा दिवस ही माणसं बाहेरचं काही खात नाहीत. अण्णाप्पा, तुम्ही खाल्लं?"

"न्हाय," अण्णाप्पांच्या तोंडून निघालं.

"मग जैन कट कुणासाठी? वर्षभरात कधीही मागवला तर शोभेल, पण या दहा दिवसांत जैन कट मागवायचा तो न खाण्यासाठीच. अवनीला हे सुचलं नसतं. सरांना नाही. हंबीरराव तर त्यातलाच प्यायला. हे सुचायला घरात पर्व असावं लागतं. आणि त्या माणसाला आणखी एक काळजी होती. पासपोर्ट टाकलेलं अन्न कुणाच्या पोटात जायला नको. मोठ्या पातेल्यात टाकले असते तर गावाने खाल्लं असतं. ते पाप तिला नको होतं." माईंनी काठीचं टोक विजयमालांच्या पायाजवळ टेकवलं. "अवनीने केलेलं नाही, मला ठाऊक आहे, म्हणालीस. खरंच ठाऊक होतं तुला. खोलीत आल्यापासून तू एक शब्द खोटा बोलली नाहीस, मी मोजत होते. तुमच्या पर्वात रोज एक धर्म पाळायचा, आज सत्याचा दिवस ना?"

"हो," विजयमाला म्हणाल्या.

"मग आता सरळ विचारते. पासपोर्ट तू टाकलेस?"

त्या बाईला गप्प बसता आलं असतं. पण तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं आणि तिने मान वर केली.

"मी टाकले."

"काय बोलायलीस!" अण्णाप्पा ओरडले.

"मी टाकले," विजयमाला पुन्हा म्हणाल्या, आणि आता त्यांचा आवाज थांबेना. "सम्मेद घरीच, वरच्या खोलीत आहे, माई. इथला दणका तिथवर पोचतो. दोन वर्षं झाली. तिकडे तळघरात कोंडून होता, वर बॉम्ब पडत होते. परत आला तो असा. आवाज झाला की पलंगाखाली जातो. त्याला गणपतीत सगळं युद्धच वाटतं. ह्यांनी गावात सांगितलं, तो तिकडेच शिकतोय. त्याला डॉक्टरकडेही नेत नाहीत, कोणी बघेल म्हणून. आणि आता ऐश्वर्या! मी पाया पडले, नका पाठवू म्हणाले. तर म्हणतात, चेअरमनची मुलगी गेली नाही तर लोक का म्हणून विचारतील. आणि विचारत विचारत सम्मेदपर्यंत येतील."

"तिच्या एकटीचा पासपोर्ट बुडवायचास."

"ह्यांनी तिचा नवा काढला असता. सगळ्यांचे गेले तरच सहल थांबणार होती. नदीत टाकायचं मनात आलं होतं. पण लेकरांचे कागद कुणाच्या हातात पडले तर? शिजले की कुणाच्या कामाचे नाहीत." त्या अवनीकडे वळल्या. "तुझ्यावर येईल असं मनात आलं नव्हतं गं. गाठोडं तू बघूनच ठेवशील असं वाटलं."

अवनीला काय वाटतंय ते तिचं तिलाच कळेना. या बाईची कीव येत होती. आणि हीच बाई आपल्यावर आळ येऊनही आत्तापर्यंत पुढे आली नव्हती.

दत्तप्रसाद सरांचा फोन वाजला. सरांनी मेसेज वाचला, चष्मा काढला, पुसला, परत वाचला.

"एजंटाचा आहे," ते म्हणाले. "आखातातली उड्डाणं पुढची सूचना येईपर्यंत बंद. सगळी बुकिंग रद्द."

मग माई हसायला लागल्या. खरंखुरं, पोट धरून हसल्या. "अगं, दुपारपर्यंत थांबायचंस की, विजयमाला!"

विजयमालांनी तोंडावर पदर घेतला.

७

बाहेर पालक दार ठोठावत होते. अण्णाप्पांनी शर्ट सारखा केला. एवढ्या वेळात त्यांनी बायकोकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"ह्या खोलीतलं ह्या खोलीत," ते म्हणाले. "बाहेर मी सांगनार. मॅडमनी कपाट उघडं ठेवलं, गनपतीत बाहेरची चार टवाळ पोरं शिरली, त्यांनी खोडी केली. मॅडमनी जबाबदारी घेऊन राजीनामा दिलाय. पोलीस न्हाय, काय न्हाय. नवे पासपोर्ट मी माझ्या खर्चानं काढून देतो."

"पण मी नाही हे आत्ताच सिद्ध झालंय!" अवनी म्हणाली. तिने माईंकडे पाहिलं. "माई, तुम्हीच सिद्ध केलंत."

माई आवळासुपारीची डबी पिशवीत ठेवत होत्या.

"केलं की. कोण ते शोधायचं होतं, शोधलं. पुढचं काम चेअरमनचं." त्या काठीवर भार देऊन उठल्या. "आणि गाठोडं न बघता कुलूप लावणारी बाई मुलांना परदेशात नेणार होती. तुझाही काही अगदीच दोष नाही असं नाही. शाळेच्या नव्या इमारतीचा स्लॅब चेअरमनच्या पैशातून पडायचाय, अवनी. तो तू टाकणार आहेस का?"

सर खिडकीबाहेर बघत होते. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.

अवनी शेवटी विजयमालांकडे वळली. आज सत्याचा दिवस. ही बाई दार उघडून दोन वाक्यं बोलली तरी पुरे. वहिनींचे ओठ हलले. मग त्यांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि घोटभर पाणी प्यायल्या. त्या खोटं बोलल्या नाहीत. त्या काहीच बोलल्या नाहीत.

अण्णाप्पांनी दार उघडलं आणि माईक मागवला.

पर्व संपलं आणि क्षमावाणीचा दिवस आला. त्या दिवशी जैन माणसं घरोघर जाऊन हात जोडतात, वर्षभरातल्या अपराधांची क्षमा मागतात. अवनीच्या फोनवर शाळेतल्या जैन पालकांचे मेसेज सकाळपासून येत होते, जुन्या सवयीने, सगळ्यांना एकदम पाठवलेले. तिने दोन शाळांत अर्ज दिले होते. दोन्हीकडे तिचं नाव ऐकून माणसं हसली होती. मिसळवाल्या मॅडम ना, म्हणाली होती.

दुपारी विजयमाला आल्या. मंगळवार पेठेच्या त्या अरुंद जिन्यावरून एकट्या. अवनीच्या आईने पाणी दिलं. त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि अवनीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या.

"क्षमा कर."

"सम्मेद कसा आहे?" अवनीने विचारलं.

"ह्यांनी त्याला चंदगडला नेऊन ठेवलंय. काजूच्या बागेत खोली आहे. तिथं आवाज नाही म्हणतात. मला जायची परवानगी नाही. तोंड उघडलंस त्याची शिक्षा, म्हणतात." त्यांचे हात जोडलेलेच होते. "क्षमा कर, अवनी. तुझी क्षमा नाही मिळाली तर माझं पर्व पुरं होत नाही."

"शाळेत येऊन खरं सांगाल?"

"ते सोडून काहीही माग."

अवनीने त्यांच्याकडे पाहिलं. दुसरं काही तिला मागायचंच नव्हतं.

"केली क्षमा," ती म्हणाली. हसलीसुद्धा. "मनापासून केली, वहिनी. जा तुम्ही."

विजयमाला रडल्या. तिचा हात धरून रडल्या, डोळे पुसले, आणि आल्या होत्या त्यापेक्षा हलक्या पायांनी जिना उतरून गेल्या. अवनीने दार लावलं आणि कडी घातली.

आई बघत होती. "एवढं करून ठेवलं तिनं, आणि एका शब्दात क्षमा केलीस?"

"छे," अवनी म्हणाली, आणि न प्यायलेलं पाणी मोरीत ओतलं. "खोटं बोलायचं नाही असलं व्रत आपल्यात कुठे असतं, आई?"